शेंगेमागे दहा ससाणे

शिखरावरच्या खोपटाबाहेर घडीची खुर्ची मांडून निवृत्त पोस्टमास्तरांनी कातडी डबी उघडली, तेव्हा तिच्यात मोजणीयंत्र नव्हते. पिवळ्या लोकरीचा एक गुंडा तेवढा होता. अंगठ्याने दाबले की एकेक आकडा पुढे सरकवणारे ते चिमुकले यंत्र अकरा वसंत त्यांच्या मुठीत राहिले होते. दक्षिणेचा वारा पहाटेपासून डोंगराला खेटून वर चढत होता. परतीच्या वाटेवरचे ससाणे आज लोटणार, आणि आजनंतर हा हंगाम मिटणार, हे त्यांना हाडांतून कळत होते.

त्यांनी घरी फोन लावला.

"मीच घेतलंय," पलीकडून बायको म्हणाली. "नातीचा स्वेटर विणतेय, ओळी चुकतात. तुम्हाला काय, पक्षी चार इकडे, चार तिकडे."

पोस्टमास्तरांनी फोन ठेवून दिला, कारण नात दोघांची होती आणि दुसरे आजोबा शेजारच्याच खुर्चीत बसले होते. हे त्यांचे व्याही, पेशाने दंतवैद्य. गेल्या वसंतात केवळ पाहुणे म्हणून डोंगरावर आले, आणि त्याच दिवशी त्यांनी एक हजार आठशे साठ ससाणे मोजले. खोपटाच्या दारावरच्या फळ्यावर एका दिवसाचा उच्चांक म्हणून त्यांचे नाव लागले. अकरा वर्षे खपलेल्या माणसाला रोज सकाळी त्या नावाखालून वाकून आत जावे लागे.

"घरचंच आहे, घेतलं तर घेतलं," दंतवैद्य मायाळूपणे म्हणाले. "माझ्याकडे खारवलेल्या शेंगा आहेत. दहा ससाणे गेले की एक शेंग पिशवीतून डब्यात टाका. झालं."

"आपल्याला तर मीठ बंद आहे ना?"

"मी कुठे खातोय? पक्ष्यांसाठी आणल्यात."

"ससाणे शेंगा खात नाहीत, व्याहीबुवा."

"मग उरतील."

मोजणीचे अकरा नियम पोस्टमास्तरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून फळ्याशेजारी लावले होते. पहिला नियम: मोजणाऱ्याची नजर आकाशावरून ढळता कामा नये. चौथा: आकड्याखाली साक्षीदाराची सही हवी. सातवा: शिखरावर कचरा टाकू नये.

दहाच्या सुमारास दरीतून ऊन हवेचा भोवरा उठला आणि त्यात पहिले पाते फिरले. मग दुसरे, मग जणू कुणी आकाशाच्या तळाशी साचलेला काळोखच चमच्याने ढवळू लागले. घिरट्या घेत ससाणे उंच चढत, माथ्यावर पोचले की पंख ताणून उत्तरेकडे घसरत; आणि घसरताना पोस्टमास्तर त्यांना मोजत. दहा. उजव्या हाताने पिशवीतली शेंग, डाव्या हाताशी डबा. दहा. शेंग. मान वर, डोळ्यांत पाणी, ओठांवर आकडे. असा आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

डावीकडून मधूनच कट्कन आवाज येई.

"कसला आवाज?" त्यांनी मान न वळवता विचारले.

"गुडघे," दंतवैद्य म्हणाले.

बाराला लाट ओसरली. पोस्टमास्तरांनी डबा मांडीवर घेतला. एकशे एकाहत्तर शेंगा. पुन्हा मोजल्या, एकशे एकाहत्तरच. मग त्यांचे लक्ष व्याह्यांच्या मिशीकडे गेले. तिथे मीठ चमकत होते.

"व्याहीबुवा, आपण किती ससाणे खाल्लेत?"

दंतवैद्यांनी रुमालाने मिशी टिपली. "आकाश बघता बघता हात आपोआप जातो हो. मोजून कोण खातं?"

"टरफलं कुठायत?"

"खिशात. सातवा नियम."

मग दोघे प्रतिष्ठित आजोबा खडकावर उकिडवे बसले. खिशातून टरफलांची एकतीस अर्धुके निघाली. दंतवैद्यांनी चष्मा चढवला आणि हयातभराचे कौशल्य पणाला लावून अर्धुकाला अर्धुक जुळवायला घेतले.

"हा वरचा जबडा. याचा खालचा बघा जरा. तो नको, तो वाकडा आहे."

मध्येच खडकावरून सावल्या सरकू लागल्या, एकामागून एक, थांबेचनात.

"ढग आलेत," पोस्टमास्तर खाली बघतच म्हणाले. "हलू नका, उजेड जातोय."

पाऊण तासाने पंधरा जोड्या जमल्या आणि एक अर्धुक एकटेच उरले. एकशे एकाहत्तर आणि पंधरा: एकशे शहाऐंशी शेंगा. एक हजार आठशे साठ ससाणे. बरोब्बर उच्चांकाइतके.

"आणि हे अर्धं?" पोस्टमास्तरांनी ते उजेडात धरले. "ही एकशे सत्त्याऐंशीवी शेंग आहे."

"जोडी असती तर सही केली असती. अर्ध्या जबड्याला मी माणूस म्हणत नाही."

"निदान पाच ससाणे तरी धरा."

"नातं आपल्या जागी, व्याहीबुवा. आकडा आपल्या जागी."

दोघे एकमेकांना आधी वाट देत डोंगर उतरले. अर्धुक पोस्टमास्तरांच्या वरच्या खिशात होते.

घराच्या गच्चीत दोन्ही विहिणी बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर पिवळा स्वेटर, दुसरीच्या गळ्यात दुर्बीण.

"आलात?" पोस्टमास्तरांची बायको म्हणाली. "हे घ्या तुमचं यंत्र. तीन हजार साठ झालेत. त्यातल्या पहिल्या अठ्ठेचाळीस स्वेटरच्या ओळी, त्या वजा करा. सही या करतायत."

"तीन हजार बारा?" पोस्टमास्तर खाली बसले. "बारानंतर एकही गेला नाही."

"बारानंतरच तर रीघ लागली, तुमच्या डोक्यावरून. तुम्ही दोघं खाली मुंडी घालून काहीतरी हुडकत होतात. मी यांना म्हटलं, कुणाचा तरी दात पडला."

"पण हे शिखरावरून मोजलेलं नाही," दंतवैद्य घाईने म्हणाले.

सगळ्यांनी पोस्टमास्तरांकडे पाहिले. त्यांनी मनातल्या मनात अकराही नियम वाचले. कुठे बसून मोजायचे, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

"चालतं," ते क्षीण आवाजात म्हणाले.

तेवढ्यात दंतवैद्यांच्या पत्नीने पुढे वाकून नवऱ्याच्या मफलरमधून काहीतरी चिमटीत उचलले, उजेडात धरले आणि जिभेला लावून पाहिले.

"खारी शेंग," ती शांतपणे म्हणाली. "घरी चला."

"विहीणबाई, ते जरा इकडे द्या," पोस्टमास्तर म्हणाले. वरच्या खिशातले अर्धुक काढून त्यांनी दोन्ही एकमेकांवर ठेवली. काठाला काठ तंतोतंत बसला. एक हजार आठशे सत्तर. दंतवैद्यांनी मुकाट्याने पेन काढून सही केली.

उच्चांक मोडून पोस्टमास्तर दुसरे आले होते.