गिलके राखिल्याची व पाठ काबीज जाहल्याची हकीकत

ज्याने वेलास आधार दिला आणि मनुष्यास आपला हात न पोहोचेल अशी पाठ दिली, त्या परवरदिगाराचे स्मरण करून झाले वर्तमान लिहितो, ते सावधपणे परिसावे.

शके अठराशे छपन्न, भावनाम संवत्सरी, कसबे नाशिक, कथडा येथे कादरमियां कल्हईवाले नांदत होते. गावाची भांडी उजळिता उजळिता मियांची पाठ धुराने काळी पडली आणि मधोमध, अति दुर्गम मुलखी, खाजेने ठाणे दिले. मग ओझरचे मेहुणे फारुखमियां यांनी मसलत दिली की, गिलके वेलावरच वाळू द्यावे आणि आतील जाळीने पाठ घासावी, म्हणजे गनीम मुलूख सोडील.

तेव्हा मियांनी परसात बी टोकिले आणि वेल न्हाणीच्या कौलांवर चढला आणि गिलकी लोंबो लागली. परंतु घरची मुखत्यारी अमिनाबींची, आणि त्यांचा शिरस्ता ऐसा की, गिलके कोवळे आहे तोच खुडोन कढईत रवाना करावे. गावाची भांडी लखलखविणारा स्वतः काजळीने खाजवितो, हे हसे होईल म्हणोन मियांनी बीबींस मतलब सांगितला नाही. एक थोरले गिलके हेरून त्यावर आपली जुनी लुंगी पांघरविली.

एके सकाळी बीबींनी ती लुंगी धुण्यास्तव काठीने ओढिली, तो गिलके उघडे पडले. विळा निघाला. मियां न्हाणीच्या दारी आडवे जाहले आणि अन्न वर्जिले, आणि तो निग्रह दुपारच्या भाकरीपावेतो टिकला. मग शेजारच्या भागीबाई, पेठ-सुरगाण्याकडील, वकिलीस आल्या आणि बोलल्या, "एका गिलक्यापायी घर उपाशी ठेवायचं नाय. त्याला लोंबू दे, अन् बाकीची यानं खावी."

तह ठरला. थोरले गिलके वेलावर राहील, मोबदला उरलेली तमाम गिलकी मियांनी कुरकुरीवाचून खावी. मियांस गिलके एरंडेलाहून नावडते, आणि वेलास त्या साली ऐसा बहर आला की पुसो नये! गिलक्याची भाजी जाहली, भरीत जाहले, डाळीत गिलके, भजीतही गिलके. मियां बहुत हैराण जाहले, परंतु कौल मोडिला नाही.

थंडी पडली आणि गिलके वाळोन आत बिया खुळखुळू लागल्या. मियांनी साल सोलिली, बिया झाडिल्या आणि जाळी घेऊन मोठ्या दिमाखाने न्हाणीत शिरले. खांद्यावरून हल्ला केला, कमरेखालून केला, परंतु ठाण्यास हात पोहोचेना. मग हताश होऊन पाटावर बसले.

आत पाण्याचा आवाज थांबला म्हणोन बीबी दारी आल्या. तेव्हा मियांनी मान खाली घालून सारे कबूल केले. बीबींनी जाळी हाती घेतली.

"एवढंच होतं, तर आधी बोलायचं. मी काय परकी आहे? वाका पुढं."

आणि ऐसी घासिली, ऐसी घासिली की, काजळीचे लोट मोरीतून वाहिले आणि मियांचे डोळां पाणी आले. ते दुःखाचे की सुखाचे, याचा निवाडा जाहला नाही. खाज परागंदा जाहली. येणेप्रमाणे पाठ काबीज होऊन फत्ते कादरमियांचे नावे दाखल केली असे. परंतु जाळी खुंटीस टांगताना बीबींनी फर्माविले की, पुढील साली वेलावर दोन राखावी, पाठ आपणांसही आहे.