ठराववाले बापू

आमच्या शेजारच्या बापूंना साधा चहा हवा असला तरी ते ठराव मांडतात. आमच्या ओट्यावर येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "आल्याचा च्या व्हावा, असा ठराव मांडतो. हात वर करा!" हात वर झाल्याशिवाय हा गृहस्थ खाली बसत नाही. फलटणकडच्या आमच्या गावात लग्नाच्या पंगतीतही ते असेच उभे राहायचे. वाढपी ताटकळायचे, भात निवायचा. शेवटी गावानं सोपा मार्ग काढला. बापू उभे राहिले, की ते काय म्हणतात याची वाट न बघता हात वर करून मोकळं व्हायचं.

ही खोड साखर कारखान्यातली. तरुणपणी बापू तिथे बॉयलरवर होते. मालकानं मजुरी कापली, कामगारांनी संप केला, तेव्हा कारखान्याच्या चाळीतून हुसकावलेली बिऱ्हाडं गावच्या माळावर येऊन राहिली. सगळ्यांच्या भाकऱ्या एकाच लांबलचक चरावर, म्हणजे जमिनीत खणलेल्या चुलीवर, भाजायच्या. संप जिंकला, पुढं कारखानाही बंद पडला, पण दगडांनी बांधलेला तो काळाठिक्कर चर अजून आहे. बापू रोज खराटा घेऊन तो झाडून येतात. गावात पाहुणा आला तर त्याला देवळाआधी चर बघावा लागतो. माझ्या जावयानं दोनदा बघितलाय.

यंदा त्या माळावर दगडाची खाण काढायला एक कंत्राटदार आला. चरासकट अख्खा माळ सुरुंगानं उडणार होता. बापूंचं अन्नावरचं लक्ष उडालं. गावात ज्याच्या त्याच्याकडे एकच उपाय.

"आवं बापू, एका दगडाला शेंदूर फासा की. मशीनवाला हात लावतोय व्हय?"

बापू खवळले. "देव बसवला, तर संप कुणी केला म्हनायचा? देवानं? उपाशी ऱ्हायलो आमी, आन नाव त्याचं?"

"मग बसा असेच," मी वैतागून म्हणालो. हातचा उपाय घालवणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो.

ग्रामसभेत सरपंचबाईंनी विचारलं, "खाणीला ज्यांची हरकत हाय, त्यांनी हात वर करा."

बापू उठले. पण जन्मभर बोलत आलेल्या या माणसाच्या तोंडून ऐन वेळी शब्द फुटेना. आणि बापू उभे राहिलेले दिसताच अख्ख्या सभेचे हात सवयीनं वर गेले! काहींचे मनापासूनही गेले असतील, मी नाही म्हणत नाही. पण त्या हातांत कंत्राटदाराच्या, आमच्याच गावातल्या मेव्हण्याचाही हात होता.

"ओ बाई, माजा चुकून गेला!" तो ओरडला.

"लिवून झालं," सरपंचबाई म्हणाल्या. "खाणीला परवानगी न्हाई."

माझा जीव भांड्यात पडला. हसू तर आवरेचना.

दुसऱ्या दिवशी मीही बापूंबरोबर माळावर गेलो. झाडता झाडता ते चराच्या टोकाशी थांबले.

"हितं बसायची ती. भाकऱ्या थापाय."

"कोण?"

"आमची मंडळी. संपातच लगीन लागलं आमचं, ह्याच माळावर. फोटू कोन काढतंय तवा? मागनं काढू म्हनलं, तर पयल्या बाळंतपनातच गेली. एक बी फोटू न्हाई, गुरुजी. घरात डोळं मिटलं तर तिचं तोंडबी नीट दिसत न्हाई आता. हितं आलो की दिसतं."

इतकी वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं.

बापूंनी खराटा बाजूला ठेवला, पटका सोडून उशाला घेतला आणि चराशेजारी आडवे झाले. "जरा पडतो. लय दिस झोप न्हाई." बोलता बोलता घोरायलाही लागले.

मीही तिथंच टेकलो. तिची जागा तेवढी मोकळी ठेवून.