उजव्या बाजूची दोन चाकं

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला पाठ टेकलीत तरी चालेल. गोष्ट दमलेल्या माणसांची आहे, दमलेल्यांनीच ऐकावी. दोन भाऊ, एक गाडी आणि चार टायर, एवढाच तिचा पसारा. ऐकून कुणाचा उद्धार होईल असं नाही, पण घटकाभर खांदे हलके होतील.

थोरल्याला सगळे दादा म्हणत. वय एकोणऐंशी. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. तीन आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, "शनिवारी अकरा वाजता घरी न्या." घर म्हणजे धाकट्या भावाचं, दादा विधुर, तिथंच राहत असे. धाकटाही काही कोवळा नव्हता, सहासष्ट वर्षांचा निवृत्त मुद्रितशोधक. तीन आठवडे दवाखान्याच्या बाकावर झोपून त्याची मान एका बाजूला वळेनाशी झाली होती. शनिवार ऐकून त्याने हात जोडले.

पण दादा म्हणाला, "माझी गाडी दारात आली तर येईन. नाहीतर मी इथंच बरा."

"अरे दादा, रुग्णवाहिका सांगितलीय."

"तिच्यात आडवं होऊन घरी जायचं? मग उठून करायचं काय?"

गाडी म्हणजे दोन माणसांची, उघड्या टपाची, तारांच्या आऱ्यांची जुनी शर्यतबाज गाडी. दादाने भर तारुण्यात घेतली होती. एकोणीस वर्षांपूर्वी गुडघे कुरकुरू लागले तेव्हा त्याने किल्ली धाकट्याच्या हातावर ठेवली, आणि धाकट्याने ती गाडी देवासारखी सांभाळली. म्हणजे रोज पुसली, जागेवरच इंजिन तापवलं आणि बाहेर काढली नाही. त्यामुळे टायर वरून नवेकोरे दिसत, पण आतून रबर वाळून भेगाळलं होतं. आपलंही असंच असतं, न वापरता राखलेलं सगळं आतून तडकतं. असो.

टायरवाला दंडाने भरभक्कम आणि जिभेने मऊ माणूस. त्याने गाडीभोवती फेरी मारली. "काका, या मापाचे टायर आता कुणी ठेवत नाही. रुंद घाला. गाडी कशी दिसेल, एकदम पैलवान!"

"दादाला विचारावं लागेल."

"विचारा की फोनवर."

फोनवर दादा म्हणाला, "बघितल्याशिवाय मी साधी चप्पल घेत नाही. टायर इकडे आण."

म्हणून मंगळवारी धाकटा खांद्यावर टायर घेऊन दवाखान्याचे तीन मजले चढला, कारण लिफ्ट फक्त रुग्णांसाठी होती. वॉर्डच्या दारात सिस्टरने त्याला अडवलं.

"हे काय?"

"टायर."

"ते दिसतंय. लोक पेशंटला फळं आणतात."

"आमचा पेशंट असाच आहे हो."

"भेटायची वेळ चार ते सहा. दोघांनाही."

चार वाजेपर्यंत धाकटा आणि टायर बाकावर शेजारी शेजारी बसले. मग दादाने टायर पांघरुणावर घेतला, नखाने दाबला, हुंगला. "फुगलेला आहे. याला पाहून माझी गाडी लाजेल. अरुंद आण."

बुधवारी धाकट्याने टायरवाल्याने कुठूनसा शोधलेला अरुंद टायर आणला. दादाने भिंग काढून कडेवरचे चार आकडे वाचले. "पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. हा सहा वर्षं गोदामात पडून आहे, धाकट्या. म्हातारा काढून म्हातारा बसवतोयस?"

गुरुवारी तिसरा आला. आता सिस्टरने आपणहून खुर्ची सरकवली, टायरसाठी. दादाने आकडे वाचले, हुंगलं आणि म्हणाला, "हा. असे चार."

शुक्रवारी सकाळी टायरवाला घरी आला. या गाडीच्या चाकाला साधे बोल्ट नसतात. मधोमध तीन कानांची एकच मोठी चकती असते. तांब्याच्या हातोडीने तिच्या कानावर ठोकलं की ती फिरते आणि चाक सुटतं. डावीकडची दोन चाकं तासाभरात निघाली, नवे टायर चढून पुन्हा बसलीही. टायरवाल्याने घाम पुसला. "बघितलंत? लोण्यासारखं!"

मग तो उजवीकडे आला. तसंच, घड्याळाच्या उलट दिशेने ठोकलं. काही नाही. पुन्हा ठोकलं. तेल सोडलं, वाट पाहिली, ठोकलं. बारा वाजले, दोन वाजले. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

"गंजलंय, काका."

"गंजेल कसं? मी दर रविवारी पॉलिश करतो."

"मग रुसलंय."

धाकट्याची बायको तिसऱ्यांदा चहा घेऊन आली. "अहो, दादांना विचारा ना. गाडी त्यांची."

"नको."

"का नको?"

धाकटा चकतीकडे बघत राहिला. "यावर बाण होते. कुठल्या बाजूला सोडायचं ते दाखवणारे. दादाने बजावलं होतं, काही झालं तरी बाण जपायचे."

"मग कुठं गेले?"

"पॉलिशमध्ये," तो पुटपुटला.

टायरवाल्याने हातोडी खाली ठेवली. धाकट्याने एकोणीस वर्षं दर रविवारी एवढ्या भक्तीने घासलं होतं की चकत्या आरशासारख्या लखलखत होत्या. त्यात त्याचा चेहरा दिसत होता, आणि आज तो बघवत नव्हता.

पाच वाजता बायकोनेच फोन लावला आणि नवऱ्याच्या कानाला धरला. धाकट्याने सगळं सांगितलं, शेवटचं वाक्य अगदी हळू.

पलीकडून दादाने विचारलं, "कधीपासून ठोकताय?"

"दहापासून."

"डावीकडे ठोकलंत तसंच?"

"हो."

"अरे, मग सात तास तुम्ही ती आवळताय! उजवीकडचे आटे उलटे असतात. दोन्हीकडे सोडताना वरचा कान गाडीच्या नाकाकडे फिरवायचा. पुसून पुसून तिची वाचाच घालवलीस रे!"

टायरवाला पायरीवर बसला. आपला उजवा खांदा डाव्या हाताने दाबत तो एवढंच म्हणाला, "काका, मी मनापासून मारत होतो हो."

आता योग्य दिशेने मारूनही चकती हलेना. सात तासांची निष्ठा होती ती, अशी कशी सुटेल? शेवटी शनिवारी सकाळी टायरवाल्याने जाड फळीला तीन कानांच्या मापाचं भोक पाडून आणलं. फळी चकतीवर बसवली, लांब टोक गाडीच्या नाकाकडे. टायरवाला त्यावर चढला. काही नाही. धाकटाही मागोमाग चढला. फळी नुसती वाकली.

"मी येऊ?" बायकोने विचारलं.

"ताई, तुम्ही नका. पडाल."

"तीन आठवडे डबे पोचवतेय, अजून पडले नाही," म्हणत तिने पदर खोचला आणि दोघांच्या मध्ये पाय दिला. कर्रर्र! तिघंही अंगणात बसते झाले आणि चकती सुटली. दुसरीला पाच मिनिटं लागली.

अकराला दहा कमी असताना गाडी दवाखान्याच्या दारात उभी राहिली. धाकट्याचे हात काळे, डोळे लाल. सिस्टरने चाकांच्या खुर्चीवरून दादाला बाहेर आणलं. दादाने चारही टायर निरखले. मग जमिनीपासून वीतभर उंच असलेली बैठक निरखली.

"यात मी बसू? हे नवं हाड मोडायला?"

धाकट्याने आपले काळे हात पुढे केले. "दादा… तूच म्हणालास ना, गाडी आली तरच येईन!"

"आली तर येईन म्हणालो. बसेन म्हणालो का?"

"मग मी आठवडाभर मेलो कशासाठी?"

दादाने खुर्चीचा हात घट्ट धरला. त्याचा आवाज उतरला. "सगळा जन्म मी आत बसून चालवली रे. जाताना ती कशी दिसते, ते कधी पाहिलंच नाही. आता राहिलेत किती दिवस? एकदा बघू दे."

 धाकट्याने टॅक्सी बोलावली, दादाला उशा लावून नीट बसवलं आणि गाडीत जाऊन इंजिन चालू केलं. शेजारच्या बैठकीत पहिल्यांदाच त्याची बायको बसली.

"हिच्या पुढं जायचं नाही," दादाने टॅक्सीवाल्याला दम दिला. "आणि फार मागंही राहायचं नाही."

घर दहा मिनिटांवर होतं. कोपऱ्यावर धाकट्याने आरशात पाहिलं. टॅक्सीच्या खिडकीतून दादाचं पांढरं डोकं निम्मं बाहेर आलं होतं आणि हात गोल गोल फिरत होता: अजून एक फेरी, अजून एक! धाकट्याची मान दुखत होती, डोळे मिटत होते. त्याने उसासा सोडला आणि घराचं वळण मागे टाकलं. चार फेऱ्या झाल्या.

आता उठा, उशीर झाला तुम्हाला. वाटेत तुमची चाकं निमूटपणे फिरत राहिली, तर त्या टायरवाल्याची क्षणभर आठवण काढा आणि त्याच्यासाठी हात जोडा. त्याचा उजवा खांदा अजून दुखतो.