कोरफडीला ऊन शिकवणारे आप्पा

आमच्या ऑफिसातले मन्मथआप्पा दुपारी बाराच्या ठोक्याला कोरफडीला ऊन शिकवायला बाहेर न्यायचे. थट्टा नाही करत. तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत लावलेल्या नऊ कोरफडी, एकेक काखेत धरून आणायच्या, भिंतीकडेला मांडायच्या आणि घड्याळाकडे बघत उभं राहायचं. काल दहा मिनिटं, आज बारा. वेळ भरली की डबे परत जिन्याखाली.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता आणि वर दुष्काळ. आमचं खातं पाण्याचं, पण माठ भरायला टँकरची वाट बघायची! ऑफिस भाड्याच्या इमारतीत, निम्म्या फायली अजून गोणपाटातच. मी कांबळे, नांदेडचा, आवक-जावकचा कारकून. आप्पा समोरच्या टेबलाला. पन्नाशीचे, कपाळाला भस्म, एकटा जीव.

"आप्पा, कोरफड ती! उकिरड्यावर फेकली तरी जगती," मी म्हणायचो.

"फेकली तर जगती, कांबळे. हौसंनं लावली की मरती. चैत-वैशाखात भुई भाजती, पावसाळ्यात मुळी सडती. पाऊस सरला, वल हाय पण चिखल न्हाई, तवा लावायची. दसऱ्याच्या आगंमागं. आन् त्याच्याआधी सावलीतल्या रोपाला ऊन शिकवावं लागतं. टाइम यावा लागतो."

'टाइम यावा लागतो' हे त्यांचं पालुपद. बढती कधी, टँकर कधी, सगळ्याला तेवढंच उत्तर.

एके दिवशी चेष्टा करावी म्हणून मी त्यांच्या मागं गुपचूप जाऊन उभा राहिलो. आवारात चिटपाखरू नव्हतं, सावल्या पायाखाली गेलेल्या. आप्पा डब्यांकडं पाठ करून रिकाम्या रस्त्याशी बोलत होते. "बारा मिनिटं झाली. आता भीत न्हाईत." मग थांबले. मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "हाव. मलाबी तसंच वाटतंय."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी आल्या पावली आत पळालो आणि शिपायाला सांगितलं. शिपायानं निकाल दिला, "आप्पाला बाहेरचं लागलंय." त्यानंतर बारा वाजता तिकडं कोणी फिरकेना. मीही नाही.

चैत्रात आप्पांची बदली निघाली. किनवट! आठ दिवसांत हजर व्हायचं. आप्पांनी अर्ज टाकला: 'माझ्याकडील नऊ रोपे अद्याप उन्हास सरावलेली नाहीत. तरी दसऱ्यापर्यंत मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती.' अर्ज आला माझ्याच टेबलावर. मी तो चहाच्या टपरीवर हातवारे करून वाचून दाखवला. माणसं पोट धरून हसली. साहेबही हसले आणि 'नामंजूर' लिहून मोकळे झाले.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत आप्पा माझ्यापाशी आले. "चला जरा माझ्यासंगं." खरं सांगतो, माझी टरकली होती. पण उठलो.

गावाबाहेर त्यांच्या समाजाच्या रुद्रभूमीत घेऊन गेले. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. झाड नाही, माणूस नाही, भेगाळलेली जमीन आणि कुठं कुठं उंचवटे. आप्पा चप्पल काढून एका सपाट जागी बसले. मी तर त्या जागेवरून तसाच चालत गेलो असतो.

"आमची कारभारीण, गौरा, हितं हाय," ते म्हणाले. "तीन वर्सं झाली."

"खूण काहीच नाही, आप्पा?"

"गेली तवा वैशाख हुता. मी येडा, आठव्या दिवशीच कोरफडी आणून लावल्या. समद्या करपल्या. फुडचे तिन्ही दसरे कोरडे गेले, वलच न्हवती. उंचवटाबी वाऱ्यानं बसला."

"मग चौथरा बांधायचा."

"डोक्यावर वजन तिला सोसत न्हाई. लई घाबरती." मग जमिनीकडं वाकून हळूच म्हणाले, "बसून बसून पाय अवघडले आसतील, न्हाई का?" आणि थांबले. मीही थांबलो. कबूल करतो, मी कान देऊन ऐकत होतो.

"पोरबाळ न्हाई आमाला," आप्पा म्हणाले. "मी गेल्यावर ही जागा कोण वळखील? मोकळी दिसली की दुसऱ्यासाठी हितंच खड्डा घेतील. काही हिरवं आसलं तर..."

माझी मलाच लाज वाटली. ह्याच अर्जावर मी दात काढले होते!

"डबे माझ्याकडं ठेवा, आप्पा. दसऱ्याला मी लावतो," मी म्हणालो. मग राहवेना म्हणून विचारलं, "पण मी कांबळे. मी इथं आलेलं तुमच्या लोकांना चालंल?"

"लोकांना मी सांगून जातो. तिला आत्ताच सांगितलंय. फक्त आत शिरताना मोठ्यानं नाव सांगा. अनोळखी माणसाचं लई भ्या हाय तिला."

आप्पा किनवटला गेले. तेव्हापासून बारा वाजता भिंतीपाशी घड्याळ बघत मी उभा! शिपायानं माझाही निकाल दिला. पाऊस कसाबसा झाला, सरला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ डबे रिक्षात घालून मी रुद्रभूमीच्या फाटकाशी उतरलो. रिक्षावाला डबे उतरवून वळला आणि निघून गेला. आत कोणी नव्हतं. इकडं तिकडं बघितलं, घसा साफ केला.

"वहिनी," मी मोठ्यानं म्हणालो, "मी कांबळे. आप्पांच्या ऑफिसातला. येऊ का आत?"