शेवाळाच्या हसण्याविषयी

ज्ञान माणसाच्या डोक्यात शिरायचे तर त्याचे तोंड उघडे असावे लागते, हे आता सर्वमान्य आहे. माणूस तोंड उघडतो ते तीन प्रसंगी : जेवताना, जांभई देताना आणि हसताना. जेवताना त्याचे लक्ष ताटात असते. जांभईचा प्रयोग शास्त्रज्ञांनी व्याख्याने देऊन पुष्कळ वर्षे करून पाहिला. राहिले हसणे. म्हणून आमच्या वाहिनीने जीवन, निसर्ग आणि विश्व हे तिन्ही विषय एका विनोदवीराकडे सोपवले.

कार्यक्रमाचे नाव ‘विश्वाची फिरकी’. दर आठवड्याला एक शास्त्रज्ञ खुर्चीत बसतो, विनोदवीर त्याला प्रश्न विचारतो आणि समोरचे प्रेक्षक हसतात. हशा मोजण्याचे यंत्र माझ्या ताब्यात असते. (यंत्राला काटा आहे. तो मी हाताने हलवत नाही, हे इथे नमूद करतो. कोणी विचारलेले नाही.) काटा साठच्या पुढे गेला तर ती माहिती सिद्ध समजावी, तीस ते साठमध्ये राहिला तर विचाराधीन, आणि त्याच्या खाली घसरला तर ते त्या शास्त्रज्ञाचे वैयक्तिक मत. सुटसुटीत पद्धत आहे. पूर्वी एवढे ठरवायला लोक प्रयोगशाळेत जन्म काढत.

पद्धत इतकी गाजली की विज्ञान संस्थेच्या संचालकांनी अनुदानेही काट्यावरच द्यायला सुरुवात केली. शास्त्रज्ञांनी छान साथ दिली. कृष्णविवरांचे अभ्यासक खुर्चीवरून पडायला शिकले. एक गणिती खोटी मिशी लावून आले, त्यांच्या सिद्धान्ताला बहात्तर मिळाले. मेंदूच्या तज्ज्ञांनी स्वतःच्या बायकोवर चार विनोद केले आणि त्यांना नवी इमारत मंजूर झाली. (ते आता तिथेच झोपतात.)

सगळे सुरळीत चालले असताना शेवाळबाई आल्या.

बाईंचे सगळे आयुष्य शेवाळात गेले होते. संस्थेच्या मागच्या बाजूला त्यांची एक ओलसर खोली, एक लांब टेबल आणि त्यावर शेवाळाच्या बशा, एवढाच विभाग. तो ठेवायचा की गुंडाळायचा, हे त्या दिवशीच्या काट्यावर ठरणार होते. बाईंना याची पूर्ण कल्पना होती. तरी त्या मिशी न लावता आल्या.

विनोदवीराने झकास सुरुवात केली. शेवाळ लग्नाळू असते का, असे विचारले. बाईंनी थोडा विचार करून शेवाळाच्या प्रजननाची खरीखुरी माहिती दिली. काटा अकरा. मग त्याने विश्वात शेवाळाचा उपयोग काय, असे विचारले. बाई म्हणाल्या की भिंतीवरचे काही शेवाळ वाळून कुरकुरीत होते, वर्षानुवर्षे मेल्यासारखे पडून राहते आणि पाणी मिळाले की काही मिनिटांत पुन्हा हिरवे होते. काटा चार, आणि तेसुद्धा तिसऱ्या रांगेत कोणीतरी खोकले म्हणून.

जाहिराती लागल्या तेव्हा विनोदवीर बाईंच्या कानाशी वाकला. माणूस मनाचा वाईट नव्हता.

“बाई, काहीतरी ठोकून द्या. विभाग वाचेल.”

“दुसऱ्या कशाबद्दलही ठोकलं असतं,” बाई म्हणाल्या. “शेवाळाबद्दल नाही. त्याची बाजू मांडणारं माझ्याशिवाय कोणी नाही हो.”

तेव्हा ठोकण्याची जबाबदारी विनोदवीराने स्वतःच्या शिरावर घेतली. जाहिराती संपताच त्याने जाहीर केले की शेवाळाला पोटाखाली गुदगुल्या केल्या तर ते हसते, हसले की त्याला घाम फुटतो, आणि त्या घामावरून आपण घसरतो. काटा शंभरला जाऊन थडकला. बाईंनी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडले, पण प्रेक्षकांना वाटले, त्याही हसताहेत.

विभाग वाचला. नुसता वाचला नाही, फोफावला. त्याचे नाव आता शेवाळ-हास्य विभाग. बाईंना मदतनीस मिळाले, बारीक आवाज टिपणारी यंत्रे मिळाली आणि खोकेभर पिसे मिळाली (गुदगुल्यांसाठी). बाईंनी वर्षभर राबून शेवाळ हसत नाही असे सिद्ध केले. संचालकांनी त्यांची पाठ थोपटली, शेवाळ सध्या गंभीर मनःस्थितीत असावे असे मत दिले आणि मुदत वाढवून दिली. बाई तेव्हा रडल्या. तो आनंद असावा, असे इतिवृत्तात म्हटले आहे.

पुढे शाळेच्या पुस्तकात ‘हसरे शेवाळ’ हा धडा आला. विनोदवीराच्या मुलीने घरी बापाला विचारले आणि बापाने, घरातच असल्यामुळे, खरे सांगितले. तिने परीक्षेत तेच लिहिले आणि नापास झाली. विनोदवीर तडक शाळेत गेला, ती थाप माझीच होती असे हात जोडून म्हणाला. मास्तर पोट धरधरून हसले. (यंत्र जवळ नव्हते, पण ऐकलेल्या वर्णनावरून मी पंच्याऐंशी धरले आहेत. म्हणजे ती थाप होती, हेही सिद्ध झाले. फक्त धड्यात काय बदलायचे ते कोणाला सुचेना.)

घरी येताना मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही खरं बोललात तरी लोक हसतात. मग मी विचारायचं कोणाला?”

दुसऱ्या दिवशी विनोदवीर तिला शेवाळबाईंच्या जुन्या खोलीत सोडून आला. आता ती दर सुट्टीला तिथे जाते. दोघी टेबलावर वाकून एका बशीकडे बघत बसतात. हसत अजिबात नाहीत, म्हणून हा भाग आम्ही कधी दाखवला नाही.

त्या काय बघतात, ते बाईंनी याच लेखात एका वाक्यात सांगून ठेवले आहे. वर न बघता आठवून पाहा. मिशीला किती मिळाले आणि पिसे कशासाठी आणली, हे तुम्हाला तोंडपाठ असेल. त्या एका वाक्याला तुम्ही किती दिलेत, ते मात्र मला इथून दिसले. चारच, आणि तेसुद्धा खोकल्याला.