धरलेली जागा

जोगळेकर कुठेही बसले की आधी शेजारच्या जागेवर रुमाल टाकतात. सोसायटीची सर्वसाधारण सभा असो, बँकेतला बाक असो नाहीतर कुणाच्या नातवाची मुंज, निळ्या काठाचा तो पांढरा रुमाल शेजारच्या खुर्चीवर पसरल्याशिवाय हा गृहस्थ टेकत नाही. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. पण तिथे रुमालामागून धापा टाकत एखादं माणूस तरी येतं. जोगळेकरांच्या रुमालामागून कधीच कुणी येत नाही. मुंजीत पंगतीची गर्दी उसळली तरी तो रुमाल आपला शांतपणे बसून असतो, आणि बाकीचे आम्ही उभे.

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. अख्खी नोकरी त्यांनी बसस्थानकावर उद्घोषक म्हणून काढली. 'प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी' हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलंय की निवृत्तीनंतरही उतरायला तयार नाही. चहाला वेळ लागणार असेल तर 'चहा सुमारे अर्धा तास उशिरा धावत आहे' असं ते पाहुण्यांना गंभीरपणे सांगतात. टाकीतलं पाणी संपलं की जिन्यातून त्यांची घोषणा होते, आणि ती इतकी स्पष्ट असते की पंप चालवणारा माणूससुद्धा निमूटपणे हलतो.

त्यांच्या पत्नी कुमुदवहिनी. बुधवार पेठेतल्या एका शाळेत त्या नागरिकशास्त्र शिकवायच्या. दोघंही सगळीकडे बरोबर असत, ते पुढे आणि वहिनी एक पाऊल मागे, कारण त्यांना वाटेतली प्रत्येक पाटी वाचायची असे. मग वहिनींचा न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, पण जिना काही उतरता येईना. तेव्हापासून वहिनी वर आणि जग खाली.

म्हणूनच आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या दिल्ली सहलीच्या यादीत जोगळेकरांचं नाव पाहून भुवया उंचावल्या. वहिनींजवळ राहायला धायरीहून त्यांची बहीण आली होती, सगळी सोय चोख होती. तरी सेक्रेटरी देशमुख म्हणाले, "बायको अंथरुणावर आणि ह्यांना लाल किल्ला सुचतोय." मी काही बोलले नाही. पुण्यात चारचौघांत गप्प राहणं म्हणजे ठराव एकमताने मंजूर.

गाडीत बसल्याबरोबर रुमाल पडला. दिल्लीत आमच्यासाठी बस केली होती, तिथेही खिडकीजवळ जोगळेकर आणि शेजारी रुमाल. भर म्हणून या खेपेला त्यांच्या एका कानात काहीतरी पांढरं यंत्र होतं. ऐकू कमी येऊ लागलं असणार, असं आम्ही ठरवून टाकलं आणि सगळेजण त्यांच्याशी घसा ताणून बोलू लागलो. मी त्यात आघाडीवर. माझा आवाज मुळातच वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा, हे माझे माजी विद्यार्थी अजून सांगतात.

पण खरा वैताग पुढेच होता. हे गृहस्थ दिसेल ते मोठ्याने बोलत सुटले. "आता आपण लाल किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरत आहोत. उजव्या हाताला दुकानं. बांगड्या, पर्सेस, सगळं चकचकीत." पुढे एक पाटी दिसली. "येथे थुंकू नये. फारच मवाळ भाषा आहे. आपल्याकडची पाटी असती तर माणूस तोंडातलं गिळून परत गेला असता." एवढं म्हणून स्वतःशीच हसले. लोक वळून बघत होते. आम्ही त्यांच्यापासून जरा अंतर राखून, ओळख नसल्यासारखे चालत होतो.

हुमायूनच्या कबरीपाशी उंच उंच पायऱ्या आहेत. माझे गुडघे आधीच कुरकुरत होते. मागून आवाज आला, "पायऱ्या उंच आहेत गं. सावकाश." मी चमकून मागे पाहिलं. जोगळेकर भलतीकडेच बघत होते. काळजीपोटी तोंडातून निघालं असेल म्हणून मी सोडून दिलं.

संग्रहालयात मात्र कळस झाला. मोहेंजोदडोची ती नाचणारी मुलगी, जी आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेली असते, तिच्या काचेसमोर जोगळेकर नाक टेकवून उभे. "अगदी एवढीशी आहे. माझ्या वितीपेक्षाही लहान. पण रुबाब बघ, कमरेवर हात ठेवून उभी. तुमच्या मुख्याध्यापिकाबाई उभ्या राहायच्या ना, तश्शी." पुढच्या दालनात जुनी वस्त्रं होती. मी एका शालूपाशी रंगले होते, तोच शेजारून ठसक्यात आलं, "अगं निळी नाही, मोरपंखी."

आता मात्र माझी सहनशक्ती संपली. "जोगळेकर," मी त्यांच्या यंत्राच्या कानाशी जाऊन म्हणाले, "मी तुमची अगं नव्हे."

ते कानाला हात लावून दचकले. कानशिलं लाल झाली. मग हळूच म्हणाले, "क्षमस्व. घोषणा मागे घेण्यात येत आहे."

त्या संध्याकाळी बसमध्ये देशमुखांनी पुन्हा तेच काढलं. यंत्र लावलेल्या माणसाला काय ऐकू येणार, या हिशेबाने ते जोगळेकरांच्या मागच्याच सीटवरून सरळ म्हणाले, "वहिनी तिकडे कण्हताहेत आणि हे इथे मजा मारताहेत." जोगळेकरांची मान जराशी हलली. ते खिडकीबाहेर बघत नेहमीच्या आवाजात म्हणाले, "उजव्या बाजूला इंडिया गेट. दिवे लागलेत."

दुसऱ्या दिवशी संसद भवन होतं. देशमुखांनी कुठल्याशा नातेवाइकाच्या खटपटीने पास मिळवले होते, प्रत्येकाच्या नावाचे. त्याबद्दल पुण्यापासून त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की संसद त्यांनीच बांधली असावी असं वाटू लागलं होतं. बस थांबली तसे ते उठून म्हणाले, "फोन, पर्सेस, सगळं बसमध्ये. आत काहीही नेता येत नाही."

"मग मी आत येत नाही," जोगळेकर म्हणाले.

देशमुख आधी समजावू लागले, मग चिडले. नावाचा पास, वाया जाणार, मंडळाची अब्रू, सगळं बोलून झालं. जोगळेकर फोनच्या खिशावर हात ठेवून ढिम्म बसलेले. एका फोनपायी संसद सोडणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. शेवटी देशमुखांनी मला खूण केली, कारण आवाजाची कामं माझ्याकडे असतात. मी जोगळेकरांच्या कानाशी वाकले आणि चांगला सूर लावला.

त्यांनी चटकन कानातलं यंत्र काढलं. "मला नीट ऐकू येतं, मीनाताई," ते म्हणाले. "जरा हळू बोला. ती दचकते."

"ती कोण?"

त्यांनी खिशातला फोन काढला आणि माझ्या हातात दिला. फोनवर कॉल चालू होता.

"मीनाताई, मी कुमुद बोलतेय," फोनमधून आवाज आला. शांत, शाळेतल्या बाईंचा.

मी आवाज खाली आणून विचारलं, "वहिनी, तुम्ही कधीपासून ऐकताय? लाल किल्ल्यापासून?"

"पुणे स्टेशनपासून," वहिनी म्हणाल्या. "मध्ये जेवायला आणि औषधाला सुट्टी देतात."

मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागेवर बसू लागली. पायऱ्या उंच आहेत गं. अगं निळी नाही. रुमाल.

"तुम्ही त्यांना आत पाठवा," वहिनी सांगत होत्या. "मी इतकी वर्षं मुलांना फळ्यावर लोकसभा काढून दाखवली. अर्धवर्तुळ काढायचं, मध्ये अध्यक्षांची खुर्ची. खरी कशी असते ते मी कधी पाहिलं नाही. आता ह्यांच्याकडून कळेल म्हणून किती दिवस वाट बघतेय, आणि हे दारात येऊन अडून बसलेत."

मी फोन जोगळेकरांकडे दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि खाली मान घालून, घोषणेच्या नव्हे, अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाले, "तुला बाहेर ठेवून मी एकट्याने काय बघू?"

वहिनींचं उत्तर माझ्यापर्यंत पोचलं. "बघून या आणि मग सांगा. गाडी सुटून गेल्यावर तुम्ही घोषणा कधी केली नाहीत का?"

जोगळेकर हसले. डोळे पुसायला त्यांनी शेजारच्या सीटवरचा रुमाल उचलला. मग फोन बसमध्ये ठेवला आणि आमच्याबरोबर उतरले.

आत त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही. झडती झाली, लांबच लांब मार्गिका आल्या, भिंतींवर चित्रं आली, पाट्या आल्या, त्यांनी एकही वाचली नाही. दोन दिवस ज्या आवाजाने मी कावले होते तो आवाज नसताना मला ते सगळं बघवेना. मला कुणी डावं-उजवं सांगत नव्हतं. एका वळणावर तर मी चुकून दुसऱ्याच घोळक्यामागे चालू लागले.

अधिवेशन नव्हतं, सभागृह रिकामं होतं. आम्हाला वरच्या गॅलरीत बसवलं. खाली हिरवी आसनं, अर्धवर्तुळात, थेट फळ्यावर काढावीत तशी. जोगळेकर पहिल्या रांगेत गेले, बसण्याआधी खिशातून रुमाल काढला आणि शेजारच्या खुर्चीवर नीट पसरला. चारही कोपरे सरळ केले. फोनला बंदी होती, पर्सला होती. रुमालाला कुणी हरकत घेतली नव्हती.

तिथला एक कर्मचारी जवळ आला. रुमालाकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "यह किसका है?"

जोगळेकरांनी तोंड उघडलं, पण शब्द काही बाहेर पडेना. आयुष्यभर हजारो लोकांना त्यांच्या गाडीपर्यंत पोचवलेला तो आवाज ऐनवेळी बंद पडला होता. मागच्या रांगेतून मी उठले. माझं हिंदी कर्वेनगरचं आहे. "भाईसाब, वो जागा धरा हुआ है," मी म्हणाले.

"कौन आ रहा है?"

"उनकी मिसेस."

त्याने जोगळेकरांकडे पाहिलं, मग त्या सरळ केलेल्या कोपऱ्यांकडे पाहिलं. काय समजला कोण जाणे, पण मान हलवून पुढे गेला. देशमुख माझ्या शेजारीच होते. एवढं सगळं झालं तरी ते गप्प होते, म्हणजे यावेळचा ठराव जोगळेकरांच्या बाजूने मंजूर होता.

बाहेर आल्यावर जोगळेकर फोन घेऊन झाडाखाली गेले. आमच्याकडे पाठ होती. एक हात हवेत अर्धवर्तुळ काढत होता, पुन्हा पुन्हा. ड्रायव्हरने हॉर्नकडे हात नेला तेव्हा देशमुखच त्याला म्हणाले, "रुको. घोषणा चालू है."

पुण्याला आल्यावर मी मटारच्या करंज्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. वहिनी खिडकीशी उशीला टेकून बसल्या होत्या. दिल्लीबद्दल मी काही सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "हुमायूनपाशी तुमचे गुडघे फार दुखले ना? तुम्ही दर पायरीला 'आई गं' म्हणत होता." मी ओशाळून म्हणाले, वहिनी, मी जोगळेकरांच्या कानाशी इतकी ओरडायची, तुम्हाला किती त्रास झाला असेल. "छे हो," त्या म्हणाल्या, "उलट बरंच झालं. बाकीच्यांचं पुसट यायचं. तुमचं सगळं स्वच्छ कळलं."

मग त्या म्हणाल्या, "देशमुखांचंही कळलं. त्यांना निरोप द्या, मजाच मारत होतो. दोघंही."

आतून कपबशांचा आवाज आला आणि पाठोपाठ घोषणा झाली. चहा वेळेवर धावत होता. मी वहिनींना विचारलं, दिल्लीतलं सगळ्यात काय आवडलं.

"लोकसभा," त्या लगेच म्हणाल्या. त्यांचा चेहरा वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखा झाला. "हे म्हणाले, मला अगदी पुढची जागा मिळाली होती. मध्ये खांबसुद्धा येत नव्हता."