हात न लावण्याची अट

"तीन वाजेपर्यंत त्या मशीनला माझं बोट जरी लागलं, तर उद्यापासून मला प्लेटकाका म्हणू नका," असं काकांनी भरल्या छापखान्यात मालकांना ठणकावून सांगितलं, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. बोट लागलं तेव्हा अकरा वाजायला अजून बराच अवकाश होता.

अट मालकांचीच होती. एकतीस वर्षं या छापखान्यातली एकूण एक प्लेट काकांच्या हातून गेलेली. पानं छापायच्या ॲल्युमिनियमच्या त्या पातळ, मोठाल्या प्लेटा गठ्ठ्यातून एकेक उचलायच्या, ओरखडे पडू नयेत म्हणून मध्ये घातलेला मऊ कागद काढायचा आणि प्लेट मशीनवर सरळ बसवायची. काका घरी बसले की छपाई बसली. त्यामुळे सलग चार दिवसांची रजा त्यांना कधी मिळालीच नव्हती. लेकीच्या लग्नातसुद्धा पंगती उठल्यावर ते इथे येऊन आठ प्लेटा लावून गेले होते, आणि लेक ते अजून बोलून दाखवते.

आता त्याच लेकीला मुलगी झाली होती. नात दीड महिन्याची झाली तरी काकांनी तिला फक्त फोनवर पाहिलेलं, आणि तेही बहुतेक वेळा झोपलेलं. तेवढ्यात प्लेटा आपोआप उचलणारं हे नवं मशीन आलं. मालक म्हणाले, "शाळेच्या पुस्तकाच्या अठ्ठेचाळीस प्लेटा कुणाचाही हात न लागता तीनपर्यंत निघाल्या, तर चारच्या बसनं चार दिवस खुशाल जा. नाही निघाल्या तर रजेचं नाव काढू नका."

काकूंचा मालकांवर विश्वास नव्हता आणि नवऱ्यावर त्याहून नव्हता. त्या सामानासकट येऊन बाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसल्या.

मशीन बसवायला आलेल्या बाईंनी साठ प्लेटांचा गठ्ठा ट्रेमध्ये ठेवला, आणि "काका, बाकीचं ते बघेल, तुम्ही आराम करा," असं सांगून त्या काचेपलीकडच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसल्या. पिवळ्या दिव्याच्या त्या खोलीत काका एकटे राहिले. आराम कसा करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते भिंतीशी उभे राहिले, मग खिडकीशी, मग हात मागे बांधून फेऱ्या मारू लागले. हातांना काही चैन पडेना.

मग त्यांना मशीनची दया आली. पहिलाच दिवस बिचाऱ्याचा, आणि एवढे कागद कधी काढायचे त्यानं? शिवाय हात मशीनला लावायचा नव्हता. ट्रे म्हणजे काही मशीन नव्हे. काकांनी हळूच ट्रे ओढला, बघता बघता साठच्या साठ कागद उपसले आणि गठ्ठा ठाकठीक करून ट्रे लावून टाकला. असा कागद छापखान्यातून नेहमीच घरी जायचा. तो त्यांनी बाहेर नेऊन काकूंना दिला. लेकीसाठी घेतलेले काचेचे पेले तसेच पिशवीत खणखणत होते, त्यांना गुंडाळायला बरा.

बाईंनी मशीन चालू केलं. हवा ओढून धरणाऱ्या रबराच्या वाट्या खाली आल्या, वरची प्लेट त्यांनी अलगद उचलली, आणि रद्दीच्या पेटीत टाकून दिली.

दुसरी प्लेट जागेवर गेली. तिसरी रद्दीत. चौथी जागेवर. एक उचल कागदाची, एक उचल प्लेटेची, असं मशीनला शिकवलेलं होतं. बाईंनी सकाळी ते सगळ्यांना समजावून सांगितलं तेव्हा काका मशीनच्या पायावरची धूळ पुसत होते. मशीन बिचारं इमानदारीनं कागद समजून निम्म्या प्लेटा फेकत होतं. साठातल्या तीस गेल्या की अठ्ठेचाळीस कुठून निघणार?

"छान चाललंय की," बाई काचेपलीकडून म्हणाल्या.

काका बाहेर धावले. "ते कागद दे."

"आत्ता तर गुंडाळले सगळे."

"सोड ते."

"अहो, पेले फुटतील."

"फुटू देत. रजा फुटतेय इथे."

बाकावर सामानाची उलथापालथ झाली. पेले निघाले, झबली निघाली, आणि चुरगळलेल्या कागदांचा भारा छातीशी धरून काका आत पळाले. ट्रे उघडताच मशीन पीं पीं करत थांबलं.

"काय झालं, काका?"

"काही नाही. थांबलंय जरा."

"कशानं?"

"दमलं असेल."

बाई फोनवर होत्या म्हणून उठल्या नाहीत. काकांनी रद्दीतल्या प्लेटा काढून पुन्हा गठ्ठ्यात घातल्या, मध्ये कागद सारले, ट्रे ढकलला. रबराच्या वाट्यांना चुरगळलेला कागद काही पकडता येईना. पुन्हा ट्रे उघडा, कागद मांडीवर घासून सरळ करा, पुन्हा लावा. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी मशीननं एक घडी कशीबशी उचलून रद्दीत टाकली, मग दोन प्लेटा एकदम ओढल्या, त्या अडकल्या, लाल दिवा लागला आणि भोंगा असा वाजला की मालक हातातला चहा घेऊनच आले.

बाईंनी रद्दीची पेटी उघडली. त्या घडीतून एक विणलेलं पिवळं टोपडं निघालं.

मालकांनी ते दोन बोटांत धरलं. "हा कुठला पार्ट?"

"आमच्या नातीचं आहे," दारातून काकू म्हणाल्या. "इकडे द्या."

बाईंनी कॉम्प्युटरवर बोट फिरवलं. "ट्रे सात वेळा उघडलाय. मशीन वेळेसकट लिहून ठेवतं."

"चहाडखोर आहे," काका पुटपुटले.

कुणी हसलं नाही. काकांना आता खरंच रडू येईल असं वाटायला लागलं. दीड महिना वाट पाहिली आणि दोन हात गप्प ठेवता आले नाहीत. "कळलं मला, मालक," ते म्हणाले. "रजा गेली. बसची तिकिटं रद्द करतो."

मालक बाईंकडे वळले. "मशीनमध्ये दोष आहे?"

"काही नाही. नवा गठ्ठा लावते, तीनच्या आत काम होईल. फक्त," बाईंनी काकांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला, "हे इथे नकोत."

"किती दिवस?"

"नीट बसेपर्यंत आठ दिवस धरा."

"काका," मालक म्हणाले, "आठ दिवस रजा. आत्ता निघा."

एकतीस वर्षं काकांवाचून काम अडत होतं म्हणून रजा मिळाली नाही. आता त्यांच्यामुळे काम अडतंय म्हणून मिळाली, तीही दुप्पट. काकांना हे फार लागलं. "आठ कशाला?" ते म्हणाले. "चारच दिवसांचं बोलणं झालं होतं. उलट मी दोनच घेतो, मशीन नवीन आहे..."

काकूंनी एका हातात पिशवी घेतली, दुसऱ्या हातानं नवऱ्याचं मनगट धरलं आणि बसस्टँडपर्यंत सोडलं नाही.

चारची बस सुटून वीस मिनिटं झाली नाहीत तोच काकांनी फोन लावला. "मालक, निघाल्या का प्लेटा?"

"अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. तुम्ही कुठवर पोचलात?"

"नदीचा पूल ओलांडला आत्ताच."

"अजून जरा लांब जा," ते म्हणाले, "मग पुढचा गठ्ठा लावतो."